कर्ली खाडीतील मुलांचे जलक्रीडा शिबिर : उन्हाळा २०२५ मधील प्रकल्प नोंदी

९ मार्च, रविवार
मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे आणि गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी मालवणजवळच्या कर्ली खाडीत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, चालवते. या उन्हाळ्यात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी पाच-पाच दिवसांच्या तीन निवासी तुकड्या घ्यायच्या, प्रत्येक तुकडीत सोळा मुले असावीत आणि त्यांपैकी चार मुले देवबाग-तारकर्ली परिसरातील मच्छीमार कुटुंबांची असावीत, असे आम्ही तिघा सहकाऱ्यांनी ठरवले आहे. बाहेरगावच्या मुलांसाठी शुल्क ७,५०० रुपये आणि स्थानिक मुलांसाठी १,००० रुपये राहील. जागा खाडीच्या पश्चिम काठावर, माडांच्या सावलीत मिळाली आहे. इथे खाडी उत्तरेकडून दक्षिणेकडे देवबागच्या पट्टीला समांतर वाहते आणि पट्टीच्या टोकाला, भोगवेच्या समोर, समुद्राला मिळते. हा संगम आमच्या घाटापासून फार दूर नाही, हे या नोंदी वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचे मूळ तिथेच आहे.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणीचा आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या परवानगीचा अर्ज दिला. सागरी मंडळाच्या नियमाप्रमाणे २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात जलक्रीडा बंद असतात, म्हणून शेवटची तुकडी २४ मे रोजी संपेल असे पाहिले. २८ एप्रिल ते २ मे, ८ ते १२ मे आणि २० ते २४ मे या तारखा शाळांच्या परीक्षा आणि निवासाच्या खोल्या यांचा मेळ घालून निश्चित केल्या. भरती-ओहोटी तिथीप्रमाणे बदलते, पण त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही पंचांग उघडले नाही.

५ एप्रिल, शनिवार
जीवरक्षक जाकिटे आली. एका शहरातील विक्रेत्याकडून वीस जाकिटे प्रत्येकी १,२०० रुपयांना, म्हणजे एकूण २४,००० रुपयांना घेतली होती. आमच्या शाळेतील मुलांना ती घालून, पट्टे आवळून, खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांना धरून वर उचलून पाहिले असता अकरा जाकिटे थेट कानापर्यंत सरकली. पाण्यात पडल्यावर असे जाकीट वर तरंगते आणि मूल त्यातून खाली घसरते, त्यामुळे अशा जाकिटाचा उपयोग शून्य. पायांमधून जाणारा पट्टा एकालाही नव्हता. मुलांच्या मापाची म्हणून जी मागवली होती, ती प्रत्यक्षात मोठ्यांच्या लहान मापाची होती. बराच वाद घातल्यावर विक्रेत्याने आठ जाकिटे प्रत्येकी १५० रुपये जादा घेऊन पट्ट्यांसह बदलून देण्याचे मान्य केले आणि जी नऊ मुलांना बसत होती, त्यांचे सुटे पट्टेही त्याच हप्त्यात पाठवण्याचे कबूल केले. उरलेली तीन मदतनिसांसाठी ठेवली. यात चार दिवस गेले.

१२ एप्रिल, शनिवार
जाकिटावर ५० न्यूटन असे छापलेले असेल, तर त्याने पाण्यात साधारण पाच किलो भार तोलून धरायला हवा. छापील आकड्यावर विसंबायचे नाही असे ठरवून प्रत्येक जाकिटाला वाण्याकडचे पाच किलोचे लोखंडी वजन बांधले, वजनाला दोर लावला आणि सगळी जाकिटे रात्रभर शेजाऱ्यांच्या विहिरीत सोडून ठेवली. सकाळी अठरा पाण्यावर होती आणि दोन दिसत नव्हती. दोर ओढून ती वर काढली तेव्हा शिवणीतून पाणी गळत होते. एक उसवून पाहिले, तर आतल्या फोमच्या पातळ पट्ट्या स्पंजासारख्या भिजलेल्या होत्या. मुलांना नीट बसलेल्या नऊंपैकी ही दोन होती, म्हणजे दिसायला उत्तम. दुसऱ्या दुकानातून प्रमाणित शिक्का असलेली पाच जाकिटे प्रत्येकी २,१०० रुपयांना घेतली आणि बदलून आलेल्या आठांसह तीही विहिरीत टाकली. ही सर्व तरली. जाकिटांवर एकंदर ३५,७०० रुपये खर्च झाले. सुरुवातीलाच चांगली घेतली असती, तर थोड्या जास्त पैशांत काम झाले असते आणि आठवडा वाचला असता.

२० एप्रिल, रविवार
घाटाजवळ फूटाफूटावर रंगाच्या खुणा केलेला पंधरा फुटी बांबू रोवला आणि काल-आज मिळून दर अर्ध्या तासाला पाण्याची उंची वहीत टिपली. ओहोटीलाही काठाशी मुलांच्या कमरेएवढे पाणी राहिले, त्यामुळे सकाळी सात ते साडेनऊ ही वेळ उत्तम आहे असे आम्ही मानले. आमची सुरक्षा-होडी ज्यांची आहे, त्या तांडेलकाकांनी वही पाहून फक्त इतकेच विचारले, “बाई, ह्या भांगाचा पाणी मापलास. उधाणाचा कधी मापतलास?” भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी आणि उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी. मी उत्तर दिले की वेळ कमी आहे. हा प्रश्न मी तेव्हाच मनावर घ्यायला हवा होता.

२८ एप्रिल, सोमवार : पहिली तुकडी
सोळा मुले, आठ दोन-आसनी कयाक, गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेतून जीवरक्षकाचे प्रशिक्षण घेतलेले तीन प्रशिक्षक आणि इंजिन असलेली एक होडी, असा सरंजाम होता. सकाळी पाणी चढते होते आणि पहिला दिवस सुरळीत पार पडला. केवळ स्थानिक चार मुलांनी जाकीट घालण्यास नकार दिला. ती लहानपणापासून याच पाण्यात पोहणारी असल्यामुळे त्यांना तो अपमान वाटला. आम्ही नियम सांगितला, त्यांनी ऐकला, आणि पाठ वळताच बकल सोडले. संध्याकाळी तांडेलकाकांशी बोलले.

२९ एप्रिल, मंगळवार
काका आज स्वतः जाकीट घालून, पट्टे आवळून होडीवर उभे होते. चारही मुलांनी एक शब्द न बोलता जाकिटे चढवली. तो प्रश्न तिथेच मिटला.

पाण्याचा प्रश्न मात्र सुरू झाला. अमावास्या होऊन गेलेली, उधाण जोरात. सात वाजता आम्ही घाटावर आलो तेव्हा पाणी काठापासून साठ पावले मागे गेलेले होते आणि मधे गुडघाभर चिखल होता. कयाक ओढत नेताना मुले चिखलात रुतली. चिखलातल्या दगडांवर कालवांचे कवच धारदार असते, त्यावर पाच मुलांचे पाय कापले. एका मुलाची टाच दोन बोटांएवढी उघडली होती आणि त्याला टाके घालावे लागले. तो रडला नाही, पण त्याच्या पायातून चिखलावर पडणारे रक्त पाहून इतर मुले एकदम गप्प झाली आणि त्यानंतर कोणाचेही मन पाण्यात लागले नाही. सगळी सकाळ औषधपट्टीत गेली. दुपारी पालकांना मी स्वतः फोन करून काय झाले ते जसेच्या तसे सांगितले. गावातल्या दुकानातून कॅनव्हासचे जुन्या साठ्यातले बूट १८० रुपये जोडी या दराने आणले आणि बुटांशिवाय पाण्यात पाऊल टाकायचे नाही असा नियम केला. मुलांनी आणायच्या सामानाच्या यादीत “चप्पल” असे लिहिले होते. चप्पल चिखलात राहते आणि पाय बाहेर येतो, तेव्हा यादीत “नाडीचे बूट” असेच लिहावे.

३० एप्रिल, बुधवार
आज अक्षय्य तृतीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा जुन्या लोकांचा ठोकताळा लावला तर तीनची पाऊणपट सव्वादोन होते. बांबूवर मात्र पाणी सव्वा वाजताच थांबले. म्हणजे ठोकताळा दिशा दाखवण्यापुरता खरा, पण आमच्या घाटाला तासाभराचा फरक पडतो. सत्राची वेळ ठरवताना तासाचा फरक फार मोठा आहे, म्हणून बांबूवरचीच वेळ धरायची.

सत्र नऊ ते साडेअकरा असे पुढे ढकलले. पाणी चांगले मिळाले, पण ऊन सोसले नाही. अकराच्या सुमारास दोन मुलांना उलट्या झाल्या आणि चौघांचे डोके दुखू लागले. न्याहारीला पाव-लोणी दिले होते आणि पाण्याची बाटली काठावरच होती. उद्यापासून न्याहारीला मीठ घातलेली तांदळाची पेज, प्रत्येक कयाकमध्ये बांधलेली बाटली, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि दर वीस मिनिटांनी सर्वांनी एकाच वेळी पाणी प्यायचे.

१ मे, गुरुवार
या शिबिरातील माझी सर्वांत गंभीर चूक आज झाली, म्हणून ती सविस्तर लिहिते.

उन्हाच्या भीतीने सत्र दुपारी चारला घेतले. भरती पावणेदोनला पूर्ण झाली होती, म्हणजे चारला ओहोटी ऐन भरात. शिवाय मे महिन्यात दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा खारा वारा जोर धरतो. आमच्या घाटावर ओहोटी दक्षिणेला ओढते आणि वायव्येचा वारा अंगालाही दक्षिणेकडेच रेटतो. दोन्ही एकाच दिशेने, संगमाकडे. हे सगळे मला वेगवेगळे माहीत होते, परंतु सत्राची वेळ बदलताना मी ते एकत्र मांडून पाहिले नाही.

पहिल्या दहा मिनिटांत मुलांना आपण फार छान वल्हवतो आहोत असे वाटले, कारण कयाक आपोआप पुढे जात होत्या. मी वळण्याची शिट्टी दिली. पाच कयाक वळून काठाशी आल्या, तीन वळल्या पण जागच्या जागी राहिल्या आणि मग हळूहळू उलट्या, मागे तोंड करून, खाली सरकू लागल्या. सर्वांत पुढच्या कयाकमधला अकरा वर्षांचा मुलगा जीव तोडून वल्हे मारत होता, वल्ह्याच्या दोन्ही पात्यांवरून पाणी उडत होते, आणि त्याच्या मागच्या काठावरचे माड मात्र पुढे पुढे जात होते. काका होडी घेऊन गेले, एकेक कयाक दोराने बांधली आणि परत आणली. तीनही कयाक सुमारे पाऊण किलोमीटर वाहून गेल्या होत्या आणि त्या आणायला चाळीस मिनिटे लागली. कोणालाही इजा झाली नाही. मधल्या वेळात काठावरची दहा मुले एका प्रशिक्षकाच्या भरवशावर होती, हीदेखील चूकच.

होडी काठाला लागल्यावर काका म्हणाले, “बाई, सुकतीचा पाणी वल्ह्याक ऐकणा नाय. पोरांका चढत्या पाण्यातच सोडा.” सुकती म्हणजे ओहोटी. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

२ मे, शुक्रवार
फक्त काठालगत, कमरेएवढ्या पाण्यात, साडेनऊ ते अकरा या वेळेत खेळ घेतले आणि तुकडी संपवली. हिशेब : जमा ९४,०००. खर्च कयाक भाडे २४,०००, होडी इंधनासह १७,५००, प्रशिक्षक १८,०००, बाहेरगावच्या मुलांचा निवास व भोजन ४२,०००, स्थानिक मुलांचे जेवण ४,०००, विमा ३,०००, औषधे व टाके २,६००. तोटा १७,१०० रुपये. बुटांचे पैसे मुलांनीच दिले.

५ मे, सोमवार
दुसऱ्या तुकडीचे वेळापत्रक पहिल्यांदाच पाण्यावरून आखले. ८ ते १२ मे हे पौर्णिमेआधीचे पाच दिवस, म्हणजे भरती रोज सकाळीच पूर्ण होणार : पहिल्या दिवशी साडेआठच्या सुमारास आणि रोज थोडी उशिरा होत पौर्णिमेला साडेअकरापर्यंत. भरती पूर्ण होण्याच्या अडीच तास आधी पाण्यात उतरायचे आणि पाणी थांबताच सर्वांना बाहेर काढायचे. चढत्या पाण्यात मूल वाहून गेले तरी संगमापासून दूर, आत कांदळवनाकडे जाते. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वाराही हलका असतो. योगायोगाने लाभलेल्या तारखा आहेत, याची जाणीव ठेवून हे लिहिते आहे.

शिवाय घाटाच्या खालच्या बाजूला रिकाम्या कॅनांवर तरंगता आडवा दोर बांधला. दोन होडीवाल्यांनी हरकत घेतली, कारण तो त्यांच्या वाटेत येत होता. त्यांचे म्हणणे रास्त होते. दोर काठापासून वीस मीटरपर्यंतच ठेवला आणि त्याला लाल फडकी बांधली.

आठांऐवजी पाचच कयाक घेतल्या. निम्मी मुले पाण्यात आणि निम्मी काठावर दोर फेकण्याचा, गाठी मारण्याचा सराव करणार. पाण्यातल्या मुलांवर लक्ष राहते आणि ९,००० रुपयेही वाचतात. त्या आठवड्यातील भारत-पाकिस्तान सीमेवरच्या तणावामुळे दोन पालकांनी नावे मागे घेतली, त्यांचे पूर्ण पैसे परत केले.

८ मे, गुरुवार : दुसरी तुकडी
कयाक उलटल्यावर काय करायचे, हे पहिल्या तुकडीत आम्ही तिसऱ्या दिवशी शिकवले होते. आता पहिल्याच दिवशी, छातीएवढ्या पाण्यात. पालथ्या कयाकच्या पाठीवर हात टाकून पलीकडची मूठ धरायची आणि मागे झुकून ओढायची. नऊ-दहा वर्षांच्या मुलांचे वजन त्याला पुरत नाही, म्हणून दोघांनी एकाच बाजूने ओढायचे असे ठरवले. वर चढण्यासाठी “पोट, बैठक, पाय” हे तीन शब्द दिले : आधी पाय झाडून पोटावर आडवे यायचे, मग वळून बसायचे आणि शेवटी पाय आत घ्यायचे. लांबलचक सूचनांपेक्षा हे तीन शब्द मुलांनी लगेच उचलले.

कोल्हापूरहून आलेली नऊ वर्षांची एक मुलगी मात्र कयाक उलटवायला तयार नव्हती. बळजबरी केली नाही. तिला आधी काठावरच्या दोघींना कयाक उलटवून द्यायला सांगितले, मग पालथ्या कयाकखाली अडकलेल्या हवेत डोके घालून आत काय दिसते ते सांगायला लावले. ती आतून ओरडली, “इथं सगळं हिरवं आहे!” आतला आवाज घुमत होता. त्यानंतर तिने स्वतःहून तीनदा कयाक उलटवली.

१० मे, शनिवार
मुलांची मोजणी ठेवण्यासाठी क्रमांकाचे बिल्ले केले होते : पाण्यात जाताना बिल्ला फळीवरून काढून जाकिटाला लावायचा, बाहेर आल्यावर परत टांगायचा. आज सत्र संपल्यावर फळीवर एक बिल्ला कमी होता. शिट्टी दिली, सगळे बाहेर, दोन प्रशिक्षक पाण्यात, होडी सुरू. सहा मिनिटांनी मुलगा सापडला. पोट दुखले म्हणून तो कोणालाही न सांगता, जाकीट आणि बिल्ल्यासकट, खोलीवर गेला होता. ती सहा मिनिटे मी पाण्याकडे कशी पाहत होते, ते विसरता येणार नाही. बुडणारे मूल आरडाओरड करत नाही, ते शांतपणे खाली जाते, हे आम्ही सर्व जण शिकलेलो होतो, म्हणूनच शांत पाणी पाहून धीर येत नव्हता.

चौकशीत आणखी एक गोष्ट कळली की आधीच्या दोन दिवसांत मुले एकमेकांचे बिल्ले टांगत होती. म्हणजे फळी पूर्ण भरलेली असतानाही तिच्यावर विश्वास ठेवता आला नसता. आता फळी काढून टाकली नाही, पण मुख्य भिस्त जोडीवर ठेवली. प्रत्येक मुलाची एक जोडी, दर दहा मिनिटांनी एक लांब शिट्टी, शिट्टी होताच दोघांनी एकमेकांचा हात धरून वर करायचा आणि काठावरच्या एका व्यक्तीने, जिच्याकडे दुसरे कोणतेही काम नसेल, जोड्या मोजायच्या. जोडीदाराला सोडून कोणीही कुठेही, अगदी शौचालयातही, जायचे नाही. शिट्ट्याही बदलल्या, कारण आत गोळी असलेली शिट्टी भिजली की वाजत नाही. गोळीविना शिट्टी घ्यावी.

१२ मे, सोमवार, बुद्धपौर्णिमा
तुकडी संपली. शेवटच्या दिवशी चढत्या पाण्यासोबत कांदळवनापर्यंत जाऊन आलो. परतताना पाणी थांबलेले होते, मुले न थकता आली. जमा ७९,०००, खर्च ९३,५००, तोटा १४,५०० रुपये. शुल्क वाढवावे लागणार, हे स्पष्ट आहे.

२१ मे, बुधवार : तिसरी तुकडी
काल पहिले सत्र झाले. भांगाचे दिवस असल्यामुळे पाण्याला ओढ नव्हती. दुपारपासून पाऊस सुरू झाला. हवामान विभागाने कोकण किनाऱ्यासाठी मुसळधार पावसाचा आणि वादळी वाऱ्याचा इशारा दिला. रात्रभर कोसळून आज सकाळी खाडीचे पाणी गढूळ तांबडे झाले आहे, वरून लाकडे वाहत येत आहेत. मुले तयार होऊन, जाकिटे घालून ओटीवर बसली होती. त्यांना आज पाण्यात जाणार नाही असे सांगणे जड गेले. एका सहकाऱ्याचे मत होते की एक दिवस थांबून पाहावे. मी नकार दिला, कारण थांबण्याचा खर्च वाढतो आणि मुले घरी पोहोचवायचे रस्तेही पावसात बिघडतात. पालकांना फोन केले.

२५ मे, रविवार
२२ तारखेला सर्व मुले सुखरूप घरी पोहोचली. अरबी समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होऊन काल रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. मोसमी पाऊसही काल केरळात आणि आज आपल्याकडे पोहोचला. इतक्या लवकर तो येईल असे धरून कोणीच योजना केली नव्हती, परंतु बंदीच्या तारखेला टेकून तुकडी ठेवणे ही आमची चूक होतीच. अकरा मुलांना प्रत्येकी ५,००० रुपये आणि तीन स्थानिक मुलांना त्यांचे पूर्ण पैसे परत केले. ठेवून घेतलेले २७,५०० आणि झालेला खर्च ३८,०००, म्हणजे तोटा १०,५०० रुपये. तिन्ही तुकड्यांचा तोटा ४२,१०० आणि जाकिटांसह एकूण ७७,८०० रुपये. तो आम्ही तिघांनी वाटून घेतला.

१ जून, रविवार
जाकिटे गोड्या पाण्यात धुऊन, पट्टे सोडून, सावलीत टांगून वाळवली. उन्हात वाळवलेल्या दोन जाकिटांचा रंग या एका हंगामातच उडाला आहे. पुढच्या वर्षी पहिल्या तुकडीआधी सर्व जाकिटे पुन्हा विहिरीत टाकायची आहेत.

पुढील वर्षीची चंद्राची स्थिती काढली. बुद्धपौर्णिमा १ मे २०२६ रोजी आणि त्यानंतरची अमावास्या १६ मे रोजी आहे. म्हणून २७ एप्रिल ते १ मे आणि १२ ते १६ मे, अशा दोनच तुकड्या, प्रत्येकी बारा मुलांच्या. तिसरी तुकडी घेणार नाही. या तारखा आज निवासाच्या मालकांना कळवल्या. १२ मेच्या आठवड्यात त्यांच्याकडे लग्नाचे बुकिंग येण्याची शक्यता आहे असे ते म्हणाले. तसे झाले तर तारीख तीच ठेवून दुसऱ्या खोल्या पाहायच्या.